शेतकऱ्याचा अर्धा र



काही वर्षांपूर्वी आमच्या कामगार संघटनेचे एक पत्रक आम्ही स्वतः संगणकावर जुळविले. मथळा होता ‘शेतकऱ्यांच्या व कामकऱ्यांच्या मागण्या’. छापून हाती आले तेव्हा दोन्ही शब्दांतील अर्धा र नाहीसा होऊन डोक्यावर रफार बसला होता: ‘शेतकर्यांच्या व कामकर्यांच्या’. खांबच्या नाक्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने ते अडखळत वाचले आणि विचारले, “यात आम्ही कुठं?” चूक आमचीच होती. ती शोधता शोधता यंत्राच्या पोटातील अक्षरांचा इतिहास आम्हांस वाचावा लागला. तोच आज आपणापुढे मांडतो.

संगणकास अक्षर कळत नाही. त्यास केवळ आकडा कळतो. आमच्या गावाचे नाव घ्या. पाटीवर ‘खांब’ ही दोनच अक्षरे दिसतात. यंत्राच्या वहीत मात्र चार आकडे असतात. ख म्हणजे २३२६, काना २३६६, अनुस्वार २३०६ आणि ब २३४८. हजेरीपटावर कामगाराचा नंबर असतो, तसाच हा. नंबर नाही तर हजेरी नाही.

पूर्वी अक्षरास आकडा नव्हता, शिशाचा खिळा होता. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला. त्या काळी जुळाऱ्यापुढील कप्प्यांत काना, मात्रा, जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे असत. कप्प्यात खिळा नसेल, तर ते अक्षर कागदावर उमटत नसे.

यंत्राचे कप्पे प्रथम इंग्रजीसाठी पाडले गेले. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे मानक ठरले. त्यात जागा अवघ्या १२८. मग आपल्याकडे एक युक्ती निघाली: इंग्रजीच्या आकड्यांवर मराठी आकारांचा फाँट चढवावयाचा. वरून मराठी, आत इंग्रजी! दुसऱ्या यंत्रावर तो फाँट नसला, की मजकुराचे कडबोळे होई.

१९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की हे मानक प्रसिद्ध केले. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. म्हणून त्यांतील समान वर्णांस समान आकडे दिले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीतील क्रम घेतला, परंतु प्रत्येक लिपीस स्वतंत्र घर दिले. देवनागरीस २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या.

आता आमचा र. साधा र २३५२. त्याचा पाय मोडून य जोडला, की यंत्र रफार काढते. ‘आचार्यांना’ या शब्दास ते योग्यच आहे. पण ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना! तेथे २३५३ हा निराळा ऱ घ्यावा लागतो. मानकाच्या तक्त्यात हा ऱ द्राविडी भाषांतील उच्चारासाठी नोंदविला आहे. त्याचा अर्धा आकार आपल्या उपयोगी पडतो. दुसरी वाटही आहे: साधा र, त्याचा मोडलेला पाय आणि पुढे एक अदृश्य सांधा. दोन्ही वाटांनी डोळ्यांस शब्द एकच दिसतो, परंतु आकडे निराळे. म्हणून एका पद्धतीने नोंदलेला शेतकरी दुसऱ्या पद्धतीने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही. यादीत नाव असून माणूस गैरहजर ठरावा, तसा हा प्रकार होय.

आणि ज्याच्या आधारे आम्ही भांडतो, त्या ‘ॲक्ट’मधील ॲ? त्यास २४१८ ही स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर हिंदीच्या ऍवर भागवावे लागे, नाहीतर अवर चंद्र ठेवावा लागे.

मानके आकाशातून पडत नाहीत. माणसे टेबलाभोवती बसून ती ठरवितात, जसा वेतनाचा करार ठरतो तशीच. आपले कलम करारात यावे असे वाटत असेल, तर ते आधी लिहून न्यावे लागते. आणि मिळालेले कलम वापरले नाही, तर ते कागदावरच राहते. ऱ आपणास मिळालेला आहे. तो वापरावयास शिकणे एवढेच आपल्या हाती उरले आहे.

पत्रक आम्ही पुन्हा छापले. नाक्यावरील त्या वृद्धाने मथळ्याखालून बोट फिरवीत तो न अडखळता वाचला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.