आधी नाव झाकलं, मग नंबर

पॅरिसच्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ रोजी एक हुकूम काढला. शहरात धावणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या डाव्या अंगाला धातूची पाटी हवी. तिच्यावर मालकाचं नाव आणि पत्ता स्वच्छ अक्षरांत हवा, शिवाय परवान्याचा क्रमांक हवा. शेवटी तंबी होती, की ही पाटी कधीही झाकलेली असता कामा नये.

नंबरप्लेटचा इतिहास सांगणारे बहुतेक जण हा हुकूम सांगतात आणि पुढे जातात. माझी गाडी मात्र त्या ‘नाव आणि पत्ता’पाशी अडकली. म्हणजे आज आपण नंबरवर बोट ठेवून, काळी रेघ ओढून, चौकटी-चौकटींचा मोझाइक मारून जे लपवू पाहतो, ते मोटारीच्या जन्मापासून पाटीवर उघडं लिहिलेलं होतं! नंबर त्याच्या शेजारी नुसता बसला होता. मग नाव-पत्ता गेला कुठे? तो नंबराच्या मागे गेला. मोटारीचा नंबर हा मालकावर पडलेला पहिला पडदा. फोटोतल्या नंबरवर आपण ओढतो तो पट्टा दुसरा. पहिला पडदा विरला म्हणून दुसरा शिवावा लागला, हे माझं म्हणणं, आणि ते मी आता रेटणार आहे.

मधले टप्पे झटपट. फ्रान्सने १९०१ मध्ये ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ शकणाऱ्या मोटारींना ठळक नंबर सक्तीचा केला. न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी मालकाच्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे लावायला सांगितली. ती ज्याची त्यानेच बनवायची. ब्रिटनचा कायदा १९०३ चा, अंमल १ जानेवारी १९०४ पासून. लंडनचा ‘ए १’ हा नंबर अर्ल रसेल यांना मिळाला. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे हे थोरले बंधू. तिथल्या मोटारवाल्यांची तक्रार होती, की आम्हाला काय भाड्याच्या बग्ग्यांसारखे नंबर लावता? आपल्याकडे टॅक्सीवाल्याच्या छातीवरचा बिल्ला पाहिला की त्या तक्रारीतला फणकारा कळतो. नंबर हा गिऱ्हाइकाने तक्रार करण्यासाठी असतो; तो साहेबाच्या गाडीला कशाला?

इथे कुणी मला अडवेल. नंबर काही मालकाला झाकायला आला नाही, तो ओळखू यायला आला. भरधाव गाडीच्या पाटीवरचं लांबलचक नाव कोणता शिपाई वाचणार? चार आकडे वाचता येतात. फ्रान्सची ती ३० किलोमीटरची अट तर सरळ तेच सांगते. कबूल. पडदा हा हेतू नव्हता, पण परिणाम तोच झाला. ब्रिटनमध्ये नाव आणि पत्ता काउंटी कौन्सिलच्या रजिस्टरात गेला आणि रस्त्यावरच्या माणसाला नुसती अक्षरं-आकडे उरले. त्यामागचा माणूस हवा असेल तर कचेरीत जाऊन कारकुनाला गाठा. साऱ्या व्यवस्थेचा आडोसा म्हणजे तो कारकून, आणि त्याचा कंटाळा.

हा कारकून अमेरिकेत फारच उदार निघाला. बऱ्याच राज्यांत थोडीशी फी भरली की मोटार खात्याकडून कुणाचाही पत्ता मिळे. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला एका पिसाट चाहत्याने तिच्याच दारात गोळी घातली. त्याने पत्ता काढला होता एका खासगी गुप्तहेरामार्फत, कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्याच्या नोंदींतून. या प्रकरणात गाडीचा नंबर मुळी नव्हताच. नावावरून पत्ता काढला गेला. पण दार तेच होतं, आणि ते सताड उघडं आहे हे देशभर कळलं. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहनचालकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात पुन्हा चौदा अपवाद ठेवले, आणि त्यांत परवानाधारक खासगी गुप्तहेरही आहेत! दार लोटलं, कडी घातली नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी हौशी मंडळी आपल्या गाड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकू लागली, ती ही आठवण मनात घेऊन. नंबर झाकण्याची सवय तिथून जगभर गेली असावी, असा माझा ठाम अंदाज आहे.

आता प्रतिस्पर्धी सिद्धांत.

पहिला म्हणतो, ही सवय गूगलने लावली. स्ट्रीट व्ह्यू मे २००७ मध्ये पाच अमेरिकी शहरांत सुरू झालं, तेव्हा रस्त्यावरचे चेहरे आणि नंबर उघडेच होते. बोंब झाली आणि २००८ पासून चेहरे धूसर होऊ लागले. गूगलच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये जो शोधनिबंध मांडला, त्यानुसार त्यांचं यंत्र ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के नंबरप्लेट झाकू शकत होतं. नंबरप्लेट चेहऱ्यापेक्षा सोपी! पुढे याच यंत्राने केंब्रिजमधल्या एका गाईचाही चेहरा भक्तिभावाने धूसर केला. पण तारखा पाहिल्या तर हा सिद्धांत टिकत नाही. लोक त्याआधीपासून नंबर झाकत होते. गूगलने रूढीला फक्त यंत्र जोडलं.

दुसरा म्हणतो, हे जाहिरातींकडून आलं. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत नंबराच्या जागी मॉडेलचं नाव असतं, जुन्या गाड्या विकणारे दुकानदार तिथे आपलं नाव चिकटवतात, तेच पाहून लोक शिकले. हाही मला पटत नाही. दुकानदार पाटीवर काहीतरी लिहितो, त्याला ती जागा हवी असते. घरचा माणूस पाटीवर काहीतरी खोडतो.

तिसरा सिद्धांत चांगलाच जोरकस आहे. लोक घाबरतात ते पत्त्यासाठी नाही, नंबर चोरीला जाईल म्हणून. तुमच्यासारखीच गाडी, तोच रंग. फोटोतला नंबर उचलायचा, तशीच पाटी बनवून आपल्या गाडीला लावायची, सिग्नल तोडायचे, आणि दंड तुमच्या नावावर. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून शहरात शिरणाऱ्या गाडीचा कर कॅमेरे नंबर वाचून ठरवतात. तिथे या चोरीला बाजारभावच आला. आपल्याकडेही ई-चलान आल्यापासून, जिथे आपण गेलोच नाही त्या चौकातला दंड मोबाइलवर येणं नवीन नाही. चलानाचा फोटो उघडावा, तर गाडी आपल्याच जातीची, नंबर आपलाच, आणि डॅशबोर्डवर गणपती मात्र दुसऱ्याचा.

ब्रिटनपुरता माझा सिद्धांत इथे लंगडतो, हे मान्य करायला हवं. तिथे मालकाचा पत्ता मिळवायला सबळ कारण दाखवावं लागतं, तरी तिथले लोकही नंबर झाकतात. पण नंबर चोरायला फोटो कशाला हवा? कुठल्याही पार्किंगमध्ये फेरी मारली की हवा तो नंबर मिळतो. फोटोतल्या नंबराचीच भीती का वाटते? कारण फोटोत नंबराबरोबर आणखी बरंच काही असतं: तुमचं खातं, तुमचे नातेवाईक, तुमच्या सोसायटीचं फाटक. रस्त्यावर नंबर एकटा असतो, फोटोत त्याला पुन्हा नाव चिकटतं. पॅरिसची पाटी परत आली म्हणा ना.

आपल्याकडे पहिला पडदा फार झपाट्याने विरला. ‘वाहन’ या सरकारी माहितीसाठ्यात देशभरच्या आरटीओंच्या नोंदी आल्या, आणि एका एसएमएसवर नंबरामागचं मालकाचं नाव कळू लागलं. कचेरी नाही, कारकून नाही, कंटाळा नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने हा साठा घाऊक विकण्याचं धोरणच आणलं. व्यापारी कंपन्यांना वर्षाला ३ कोटी रुपये असा भाव होता. गैरवापराच्या शंका घेतल्या गेल्या आणि जून २०२० मध्ये ते मागे घेतलं. आता अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की नाव दिसतं ते मधली अक्षरं ताऱ्यांनी झाकलेलं. हा तिसरा पडदा, आणि तो खुद्द सरकारने शिवलेला.

मराठी माणसाची तऱ्हा या बाबतीत थोडी वेगळी. कोल्हापूरकर एमएच ०९ कशाला झाकेल? ती चार अक्षरं तो नंबरप्लेट सोडून मागच्या काचेवरही चिकटवतो. त्यामुळे इकडच्या फोटोंत पुष्कळदा झाकलेले असतात फक्त शेवटचे चार आकडे. आणि ४१४१ चा ‘दादा’ किंवा २१४ चा ‘राम’ करून मिरवणारा तर काहीच झाकत नाही. आरटीओत जादा पैसे भरून घेतलेला नंबर झाकायचा म्हणजे पैसे पाण्यात.

पण नुसते शेवटचे चार आकडे झाकणाऱ्यांनी मोझाइकची कूळकथा ऐकायला हवी, कारण ती उलट्या बाजूने सुरू होते. १९७३ मध्ये बेल लॅब्समधल्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचं चित्र मोठमोठ्या चौकटींत मोडलं, प्रत्येक चौकटीला एकच करडी छटा. त्यांना चेहरा लपवायचा नव्हता. किती कमी माहितीत चेहरा ओळखता येतो हे तपासायचं होतं. आणि लिंकन ओळखू आला! जवळून नुसत्या चौकटी, पण डोळे किलकिले केले किंवा दहा पावलं मागे गेलं की दाढी, कपाळ, सगळं हजर. हार्मन आणि त्यांचे सहकारी बेला युलेस यांनी कारणही मांडलं: चौकटींच्या धारदार कडा डोळ्याला चकवतात, आतली माहिती शाबूतच असते. साल्वादोर दालीला हे इतकं आवडलं की १९७६ मध्ये त्याने त्या लिंकनचं भलंमोठं चित्र केलं. ओळख किती चिवट असते हे दाखवणारी ही युक्ती पुढे टीव्हीवाल्यांनी ओळख लपवायला घेतली, आणि तिथून ती आपल्या फोनमध्ये आली.

चेहऱ्यावर ती बऱ्यापैकी चालते. नंबरवर नाही. आकडे दहाच, त्यांची ठेवण ठरलेली, आणि एचएसआरपी, म्हणजे ती उच्च-सुरक्षा नंबरप्लेट, आल्यापासून तर सगळ्यांचा ठसा एकच. एमएच १२ आणि पुढची दोन अक्षरं उघडी ठेवून चार आकड्यांवर बारीक मोझाइक मारला, तर शक्यता उरतात ९,९९९. संगणकाने एकेक नंबर त्याच पाटीवर काढायचा, तसाच मोझाइक मारायचा आणि जुळवून पाहायचा. चहा निवायच्या आत उत्तर येईल. पिळवटलेलं चित्र तर सरळ उलटं फिरवता येतं. २००७ मध्ये जर्मन पोलिसांनी भोवऱ्यासारखा फिरवलेला एका बाललैंगिक शोषण करणाऱ्याचा चेहरा असाच सरळ केला आणि इंटरपोलने तो जगापुढे ठेवला. काही दिवसांत तो थायलंडमध्ये पकडला गेला. फोनमधल्या हायलायटरने काळं करणाऱ्यांची कथाही हीच. ती शाई अर्धपारदर्शक असते; चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. झाकायचंच असेल तर भरीव पट्टा, नाहीतर कापून टाका.

स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये आलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. लक्ष्मी रोडवरच्या स्कूटरांचे नंबर यंत्र मुकाट्याने पुसतं. आपण मात्र अजून हातानेच पुसतो, आणि पुसताना समोरच्या काचेच्या आतला एचएसआरपीचा स्टिकर विसरतो. त्याच्यावर गाडीचा नंबर पुन्हा छापलेला असतो, शिवाय इंजिनाचा आणि चेसिसचाही. चलान तपासायला नंबराबरोबर याच चेसिस नंबरचे शेवटचे आकडे विचारले जातात. नव्या गाडीचा हार घातलेला, जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, खाली नंबरवर भरीव काळा पट्टा, आणि वर काचेच्या कोपऱ्यात तो चौकोन जसाच्या तसा.