बेस गिटारमधून साध्या गिटारचा आवाज काढता येतो का?

समजा, औंढा नागनाथला चार पोरांचा ग्रुप आहे. कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, बेस गिटारही आहे; नाही तो फक्त गिटारवाला. कार्यक्रम तोंडावर आलाय आणि नवी गिटार घ्यायला पैसे नाहीत. बेसवाल्याकडे मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर असेल तर काम भागेल का? बरंचसं भागेल, सगळं नाही.

बेसच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, गिटारची 82 वेळा. म्हणून पहिला इफेक्ट लागतो तो स्वर एक सप्तक वर नेणारा. प्रोसेसरमध्ये तो ऑक्टेव्ह किंवा पिच शिफ्टर या नावाने सापडेल.

पण नुसतं सप्तक चढवलं की आवाज खेळण्यातल्या बाजासारखा येतो. गिटारची ओळख तिच्या स्वराइतकीच तिच्या अँपमध्ये आणि स्पीकरमध्ये असते. त्यामुळे ऑक्टेव्हनंतर डिस्टॉर्शन, मग गिटार अँपचं आणि कॅबिनेटचं सिम्युलेशन लावा. इक्वलायझरवर 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, 1 ते 3 किलोहर्ट्झ थोडे वाढवा. डिले आणि रिव्हर्ब शेवटी. हा क्रम उलटू नका. ऑक्टेव्हला स्वच्छ स्वर मिळाला तर तो नीट ओळखतो; आधीच फाटलेला आवाज दिला की अडखळतो.

खरी मेख वेळेची आहे. स्वर ओळखायला यंत्राला लाटेची निदान एखादी फेरी तरी ऐकावी लागते. 41 हर्ट्झची एक फेरी 24 मिलिसेकंदांची, म्हणजे खालच्या तारेवर आवाज बोटामागून रेंगाळत येणार. उपाय फुकट आहे: वरच्या फ्रेटवर वाजवा. पातळ तारेच्या बाराव्या फ्रेटवर मुळातच 196 हर्ट्झ मिळतात, आणि गिटारची मोकळी तिसरी तारही तेवढीच असते. तिथे ऑक्टेव्ह बंद ठेवला तरी चालतं. बोटांऐवजी पिक वापरला तर आघातही गिटारसारखा धारदार येतो.

पूर्ण कॉर्डचा मोह मात्र टाळा. डिस्टॉर्शनमध्ये तीन-चार स्वर एकत्र गेले की चिखल होतो. षड्ज-पंचम एवढी जोडी पुरे. रॉकमध्ये गिटारवालेही तेच करतात.

आपल्याकडे ही युक्ती नवखी नाही. बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, जपानी ताइशोगोतोचा भारतीय भाऊबंद. त्याला पिकअप लावून, इफेक्टमधून नेऊन वादक वरातीत गिटारसारखा आवाज काढतात, आणि कोणी नाक मुरडत नाही. तिकडे इंग्लंडच्या रॉयल ब्लड या बँडमध्ये तर दोनच माणसं आहेत, ड्रमवाला आणि बेसवाला माइक कर. गिटार नाहीच. 2014 साली आलेला त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. असे वादक सहसा बेसचा सिग्नल दोन वाटांनी नेतात: एक मूळ खर्ज म्हणून बेस अँपला, दुसरा सप्तक चढवून गिटार अँपला. तुमच्या प्रोसेसरमध्ये मूळ आवाज मिसळायचा ब्लेंड असेल तर छोट्या प्रमाणात हेच जमतं.

लीड आणि रिफसाठी हा जुगाड उत्तम आहे. मोकळ्या तारांचं खळखळतं स्ट्रमिंग मात्र यातून येत नाही. गाणं त्यावरच उभं असेल तर दोन दिवसांसाठी कोणाची तरी गिटार मागून आणा.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्याला विचारा, लाइन थेट मिक्सरला जाणार की गिटार अँपला. मिक्सरला जाणार असेल तर कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवं, नाहीतर स्पीकरमधून गांधीलमाश्या घोंगावतील. अँपला जाणार असेल तर ते बंद करा.