तांब्याची जाडी आणि मातीची ऊब : भूमिगत वीजवाहकांच्या गणिताचा इतिहास

जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर विद्युतनिर्मितीची स्थापित क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. अशा बातमीसोबत पॅनेलांच्या रांगांचे छायाचित्र हमखास असते. त्या पॅनेलांची वीज वाहून नेणाऱ्या बहुतेक केबल मात्र जमिनीखाली, अनेकदा नळ्यांमध्ये, दडलेल्या असतात. त्यांतील वाहक किती जाड असावा, या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा मुंबईच्या कुलाब्यापर्यंत पोहोचतो.

या प्रश्नाचे पहिले गाजलेले उत्तर अर्थशास्त्राच्या वळणाचे होते. तार जाड घेतली तर तांब्याचा खर्च वाढतो. बारीक घेतली तर वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या दोन वार्षिक खर्चांचा तोल जिथे साधतो तीच योग्य जाडी, असा नियम विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८८१ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी एडिसनच्या न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज वाहू लागली. रस्त्याखालच्या लोखंडी नळ्यांत तांब्याच्या कांबी घालून भोवती डांबरी मिश्रण भरलेले होते. त्या कांबींत निर्माण होणारी उष्णता जाणार कुठे, याचे उत्तर केल्विनच्या नियमात नव्हते.

ते उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक म्हणजे आर्थर केनेली. १८६१ मध्ये कुलाब्यात जन्मलेले केनेली पुढे एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. पुरलेल्या केबलची उष्णता मातीतून वर येऊन भूपृष्ठावर निघून जाते. या प्रवासाचे गणित त्यांनी १८९३ मध्ये प्रतिमा-पद्धतीने सोडवले : केबल जितकी खोल, तितक्याच उंचीवर जमिनीच्या वर तिची उष्णता शोषून घेणारी एक काल्पनिक प्रतिमा मानायची. स्थिरविद्युतशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. आजची सूत्रेही याच पायावर उभी आहेत.

नळीमुळे प्रश्न आणखी बिकट होतो. केबल आणि नळी यांच्यामधली हवा उष्णतेला अडवते, आणि शेजारच्या नळ्या एकमेकींना तापवतात. १९५७ मध्ये नेहेर आणि मॅकग्रा या अमेरिकी अभियंत्यांनी विसंवाहक आवरण, हवा, नळी, माती असे सारे अडथळे ओहमच्या नियमातील रोधांप्रमाणे एका साखळीत जोडले. केबलची विद्युतधारा पेलण्याची क्षमता त्यामुळे पद्धतशीरपणे मोजता येऊ लागली.

मात्र हाती येणारा आकडा तांब्याइतकाच मातीचाही असतो. ब्रिटिश तक्त्यांत जमिनीचे तापमान सहसा १५ अंश सेल्सिअस धरतात, भारतीय तक्त्यांत ३० अंश. क्रॉसलिंक्ड पॉलिथिनच्या आवरणातील वाहकाची मर्यादा ९० अंश आहे. माती २० अंशांवर असेल तर उष्णता वाहण्यासाठी ७० अंशांचा फरक मिळतो. माती ४० अंशांवर गेली तर केवळ ५०. क्षमता या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून तीच केबल सुमारे १५ टक्के कमी धारा पेलते. राजस्थानातील भडलासारख्या ठिकाणची कोरडी वाळू तर उष्णतेला ओल्या मातीच्या कितीतरी पट रोध करते. शिवाय तापलेल्या केबलभोवतीचा ओलावा दूर सरकतो, माती अधिक कोरडी होते आणि केबल आणखी तापते.

त्यात सूर्याचे वेळापत्रक वेगळे. शहरात सगळ्या वाहिन्यांवरचा भार सहसा एकाच वेळी शिखरावर जात नाही. सौर प्रकल्पात मात्र एका चरातील सगळे वाहक भर दुपारी एकदमच भरतात. रात्री धारा थांबते आणि मातीला निवायला वेळ मिळतो, ही जमेची बाजू. म्हणूनच शहरी भार गृहीत धरलेला तक्ता इथे जसाच्या तसा उचलला तर चूक दोन्ही दिशांना होऊ शकते : कुठे तांबे वाया जाईल, तर कुठे आवरण अकाली जळेल.

यावरचा उपाय साधा आहे. मातीत तापणारी सुई खुपसून तिचे तापमान किती वेगाने वाढते हे पाहिले की मातीचा उष्णतारोध कळतो. ही चाचणी ओल्या मातीपुरती न ठेवता वाळवलेल्या नमुन्यावरही करायला हवी, कारण केबलला पंचवीस वर्षांतले सर्वांत कोरडे उन्हाळेही काढायचे असतात. तक्त्यातला आकडा वापरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एवढे अवश्य विचारावे : तो कोणत्या मातीसाठी, आणि कोणत्या भारासाठी काढलेला आहे?