डार्विनचा रॅप

नाव बाबा, पण हा कुणी कीर्तनकार नव्हे! बाबा ब्रिंकमन हा कॅनडाचा गोरा रॅपर. शिक्षण मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचं. २००९ साली डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली, त्या निमित्ताने मार्क पॅलन या बर्मिंगहॅमच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने त्याला उत्क्रांतीवर रॅप लिहायला सांगितलं. शास्त्रात चूक राहू नये म्हणून शब्द पॅलननेच तपासले. गाईडकडून प्रबंध तपासून घेतलेल्यांना त्या बिचाऱ्याचे हाल कळतील!

आता म्हणाल, उत्क्रांतीला रॅपच कशाला? तर त्याचा इतिहास बघा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन नाचाला जोर आणणारा ढोलाचा तुकडा लांबवायचा, ही हर्कची युक्ती. पुढे जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचा, थोडा बदलायचा, असं सुरू झालं. लोकांना आवडलं ते इतरांनी उचललं, बाकीचं विसरलं गेलं. नक्कल, बदल, निवड. डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकात दुसरं काय आहे? फरक एवढाच, की डीजे मुद्दाम बदल करतो, निसर्ग नाही.

ब्रिंकमननेही तेच केलं. डेड प्रेझ या कृष्णवर्णीय जोडीचं २००० सालचं एक गाणं आहे. जन्म कुठेही होवो, आपण आफ्रिकन, असा त्याचा आशय. ब्रिंकमनने ते सगळ्या मानवजातीला लावलं. शास्त्र त्याच्या बाजूने आहे. आपलं मूळ आफ्रिकेत असावं असा अंदाज डार्विनने १८७१ मध्येच केला होता. १९८७ साली मायटोकॉन्ड्रियाच्या अभ्यासातून निघालं, की आज जिवंत असलेल्या सगळ्यांची आईकडची वंशरेषा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका आफ्रिकन स्त्रीपर्यंत पोचते.

तरी एक गोष्ट खटकते. मूळ गाणं साखळदंडात आणलेल्यांच्या वंशजांचं आहे. हिरावलेली ओळख ते परत मागतात. त्यावर गोऱ्या माणसाने 'मीपण आफ्रिकन' म्हणणं शास्त्राने खरं, पण रक्त एक म्हणून इतिहास एक होत नाही. आपल्याकडे 'आता कुठे राहिलीय जात?' असं बहुधा तोच म्हणतो, ज्याला ती कुणी कधी विचारलेली नसते.

म्हणून मला ही दोन्ही गाणी हवीत. पहिलं आपण कुठून निघालो ते सांगतं, दुसरं वाटेत कोणी कोणाचं काय केलं ते. यातलं पहिलं कुठलं नि दुसरं कुठलं, ते तुम्हीच ठरवा.