दोष डिस्कचा की सालाचा?

विंडोज एक्सपी नव्याने टाकायला घ्यावी आणि काही मिनिटांत निळ्या पडद्यावर ‘या संगणकात हार्ड डिस्क आढळली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येऊन काम तिथेच अडावे, हा २००५ नंतरच्या पाच-सात वर्षांतला संगणक दुरुस्तीच्या धंद्यातला नेहमीचा प्रसंग होता. गिऱ्हाईक त्याचा एकच अर्थ लावी, तो म्हणजे डिस्क गेली. दुरुस्ती करणाराही पुष्कळदा तोच अर्थ लावी, कारण पडद्यावर तसे लिहिलेलेच असे. हा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा होता, हे या बिघाडाचा इतिहास पाहिला की ध्यानात येते. इन्स्टॉलर ज्या साली तयार झाला आणि डिस्क ज्या कंट्रोलरमार्फत जोडली आहे तो ज्या साली आला, या दोन सालांमधल्या अंतरातून हा बिघाड जन्माला येतो. गेल्या चाळीस वर्षांत त्याचे रूप अनेकदा पालटले, पण कारणाची जात तीच राहिली. ही गोष्ट मुंबईच्या बाजारपेठेत जितकी महत्त्वाची होती, त्याहून ती कर्जत-खालापूरसारख्या, बाजारापासून लांब पडलेल्या तालुक्यांत अधिक महत्त्वाची होती.

आरंभापासून पाहू. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि पुढच्याच वर्षी पीसी एटीमध्ये बायोसच्या आत डिस्कच्या प्रकारांचा एक तक्ता आला. आपली डिस्क त्यातल्या कोणत्या क्रमांकाची, हे माणसाने यंत्राला सांगायचे आणि यंत्राने ते एका छोट्या सेलच्या आधारावर लक्षात ठेवायचे, अशी ती रीत होती. सेल संपला की क्रमांक पुसला जाई आणि ठणठणीत डिस्क यंत्राच्या लेखी नाहीशी होई. तक्ता छापला गेल्यानंतर बाजारात आलेल्या डिस्कला त्यात क्रमांकच नसे. पुढे आयडीई डिस्क आल्या, जम्पर लावून एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह करण्याचे दिवस आले आणि त्याबरोबर क्षमतेच्या भिंतीही आल्या. जुन्या बायोसला आयडीई डिस्कवर १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे मोजता येत नसे. या गुणाकारातून ५२८ एमबीची मर्यादा निघते. ती ओलांडली तेव्हा ८.४ जीबीची भिंत लागली आणि त्यानंतर १३७ जीबीची, कारण सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहिला जात होता. विंडोज एक्सपीला ही शेवटची भिंत नीट ओलांडता आली ती २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून. या प्रत्येक टप्प्यावर डिस्क नवी होती आणि तिला ओळखणारा जुना होता. दोष मात्र दर वेळी डिस्कच्या माथी गेला.

आपल्याकडे हा धंदा उभा राहिला तो याच काळात. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली, १९९१ नंतर ती सताड उघडली आणि ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांची पेठ म्हणून नावारूपाला आला. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, डिस्क तिसऱ्यातून घेऊन जुळवलेला असेंबल्ड संगणक ही मध्यमवर्गाची पहिली ऐपत ठरली. अशा यंत्राला एकच एक निर्माता नसल्याने, त्यातले भाग एकमेकांना ओळखतात की नाही याची जबाबदारी जुळवणाऱ्यावरच येई. लॅमिंग्टन रोडवर तिचा भार हलका होता. शंका आली की फळीवरची दुसरी डिस्क लावून पाहायची, दुसरी केबल लावायची, दुसऱ्या बोर्डावर चालते का ते तपासायचे. अदलाबदल करत दोषी भाग हाती लागे. कर्जत मात्र मुंबईपासून रेल्वेने १०० किलोमीटर. लोकलने दादरपर्यंत, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि खोपोलीकराला त्याआधी कर्जतपर्यंतची शटल. लहान गावातल्या दुकानात अदलाबदलीला जादा भाग अभावानेच असत. समोरचे एक यंत्र आणि डोक्यातला तर्क एवढाच ऐवज. जिथे सामान कमी, तिथे निदान अचूक असावे लागते, कारण चुकीच्या निदानाची किंमत एका दिवसाचा प्रवास, गरज नसलेली डिस्क आणि जुन्या डिस्कवरची सगळी माहिती, अशी तिहेरी पडते.

आता एक्सपीकडे येऊ. ती बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये. साटा जोडणी बाजारात रुळू लागली ती २००३ च्या सुमारास आणि एएचसीआय हे त्या जोडणीच्या कंट्रोलरचे नियमपत्रक २००४ चे. म्हणजे एक्सपीची सीडी छापली गेली तेव्हा ज्या कंट्रोलरशी पुढे तिची गाठ पडणार होती तो जन्मलाच नव्हता, आणि जन्मल्यावरही एक्सपीने एएचसीआयचा ड्रायव्हर आपल्या पोटात कधी घेतला नाही. सीडी सुरू होताच पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ झळके: स्कझी किंवा रेड प्रकारचा बाहेरचा ड्रायव्हर टाकायचा असल्यास एफ६ दाबा. उपाय याच ओळीत होता. पण घरगुती साटा डिस्क घेऊन बसलेल्या माणसाने ‘स्कझी’ आणि ‘रेड’ वाचून हे आपल्यासाठी नव्हे असे मानले, तर नवल नव्हते. शिवाय एफ६ दाबल्यावर ड्रायव्हर मागितला जाई तो फ्लॉपीवर, आणि नव्या लॅपटॉपांतून फ्लॉपी हद्दपार झालेली होती. कर्जतकराला हा प्रकार समजायला स्टेशनापलीकडे जावे लागत नाही. घाटात रुळांना ३७ फुटांत एक फूट इतका चढ आहे, म्हणून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला बँकर इंजिने जोडली जातात; गाडीचे स्वतःचे इंजिन बिघडले म्हणून नव्हे, तर तो टप्पा त्याच्या ताकदीबाहेरचा आहे म्हणून. एफ६चा ड्रायव्हर हा असाच बँकर. फरक इतकाच की लोणावळ्याला बँकर सुटतो आणि हा ड्रायव्हर विंडोजबरोबर कायमचा राहतो.

धंद्याने यावर आपल्या परीने तोडगे काढले. एक, बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर आणायचा, म्हणजे नवा कंट्रोलर जुन्याचे सोंग घेतो आणि एक्सपीला डिस्क दिसू लागते. दुसरा, एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर आधीच कोंबलेली सीडी वापरायची. बाजारात फिरणाऱ्या चोरट्या सीड्यांपैकी कित्येक अशाच तयार केलेल्या होत्या. अधिकृत सीडी अडते आणि चोरटी चालते, हा अनुभव लोकांनी घेतला, पण त्यामागचे कारण फार थोड्यांपर्यंत पोहोचले. संगणक शिक्षणाचा मोठा प्रवाह वेगळ्या दिशेने वाहत होता. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या त्याच्या अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणक साक्षरता नेली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. पण त्या अभ्यासक्रमाचा भर चालू स्थितीतला संगणक वापरण्यावर होता, बंद पडलेला उभा करण्यावर नव्हे. दुरुस्तीची विद्या दुकानातल्या उस्तादाकडून पोरांकडे तोंडी गेली, आणि तोंडी जाताना तिच्यातली कारणे गळून फक्त कृती उरल्या.

इथे एक आक्षेप येतो. मोड बदलून काम होत असेल तर कारण कळून काय करायचे? चालते ते बरोबर, हा धंद्याचा जुना न्याय आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण कारणाविना शिकलेली कृती परिस्थिती बदलली की उलटते. ज्या यंत्रावर विंडोज एएचसीआय मोडमध्ये आधीच बसवलेली आहे, तिथे कोणी सवयीने मोड आयडीई केला, तर चालू विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘७बी’ क्रमांकाची चूक दाखवून कोसळू शकते. मग ‘विंडोजही गेली’ असे म्हणून फॉरमॅट मारला जातो. गेलेले काहीच नसते. मोड पूर्ववत केला असता तर सगळे जागच्या जागी मिळाले असते. कारण माहीत नसलेला कारागीर असा एका न झालेल्या बिघाडावर दुसरा, खराखुरा बिघाड चढवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिस्क खरोखरच मरतात, आणि कर्जत-खालापुरात मरायला कारणेही आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख पावसाळ्यात महिनोन्महिने ओला असतो. दमटपणाने कनेक्टरचे संपर्क गंजतात. २००५ च्या जुलैत उल्हास खोऱ्यात पूर आला. त्याच दशकात राज्यभर भारनियमन चालू होते. टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून आणि भिवपुरीची १९२२ पासून मुंबईकडे गेली, पण वीजघरांचे शेजारी असणे म्हणजे घरची वीज अखंड असणे नव्हे. वीज अचानक गेली की फिरती डिस्क आणि एसएमपीएस दोघांनाही झळ बसते. हे सर्व मान्य. पण त्यामुळे मूळ मुद्दा ढासळत नाही, उलट त्याला क्रम मिळतो. पहिला प्रश्न बायोसला विचारायचा. बायोसलाच डिस्क दिसत नसेल, तर इन्स्टॉलर निर्दोष आहे. केबल बदलावी, पोर्ट बदलावा, वीज पोहोचते का पाहावे, डिस्क दुसऱ्या यंत्राला लावावी आणि मगच तिला मृत ठरवावे. बायोसला डिस्क दिसते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही, तर संशय आधी ड्रायव्हरवर किंवा मोडवर घ्यावा. पेनड्राइव्हवरून एखादे अलीकडचे लिनक्स चालवून पाहिले तर हा निवाडा बरेचदा पक्का होतो, कारण त्याच्या पोटात नव्या कंट्रोलरचे ड्रायव्हर असतात. डिस्क यादीत आहे, पण विंडोज तिच्यावर बसायला नकार देते, हा प्रकार आणखी वेगळा. तिथे भानगड बहुधा एमबीआर आणि जीपीटी या डिस्क-विभागणीच्या दोन मांडण्यांतल्या तफावतीची असते. ओलाव्याने मेलेली डिस्क आणि ड्रायव्हरअभावी न दिसणारी डिस्क पडद्यावर सारखाच मजकूर आणतात, म्हणूनच तो मजकूर निदान मानता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की ही सगळी मायक्रोसॉफ्टची ढिलाई, तिच्यासाठी कारागिराने इतिहास कशाला पाठ करावा? ढिलाईचा भाग आहे. फ्लॉपीवरच अडून राहण्याचे कारण नव्हते. व्हिस्टाने एएचसीआयचा ड्रायव्हर पोटात घेतला आणि बाकीचे पेनड्राइव्हवरून घेण्याची सोय केली, तसे आधीही करता आले असते. पण उद्याचा कंट्रोलर आजच्या सीडीत कोणालाच भरता येत नाही. म्हणूनच व्हिस्टानंतरही हा बिघाड संपला नाही. विंडोज ७ आली २००९ मध्ये, एनव्हीएमई या नव्या डिस्क-जोडणीचे पहिले मानक २०११ चे. म्हणून मूळ विंडोज ७ च्या डीव्हीडीला एनव्हीएमई डिस्क दिसत नाही. २०२० पासून इंटेलच्या ११व्या पिढीच्या लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय आली. ती चालू असली की विंडोज १० आणि कित्येकदा ११ चा इन्स्टॉलरही डिस्कची यादी रिकामी दाखवतो. उपाय दोन: इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून, फोडून, ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचे. यांतला दुसरा उपाय कोऱ्या डिस्कवर निर्धोक. आधीची विंडोज आत असेल तर मोड बदलण्याचा तोच जुना धोका इथेही आहे. २००४ चा प्रश्न आणि २०२० चा प्रश्न यांत नावे सोडली तर काही बदललेले नाही.

नवे यंत्र विंडोजसकट येते, मग हे ज्ञान मागे पडणार, असे वाटू शकते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या यंत्रांवर नवे काही टाकण्याची गरज त्यामुळे वाढलीच आहे; शाळा, सहकारी पतपेढ्या, झेरॉक्सची दुकाने यंत्रे चालतील तितकी चालवतात. त्यांच्या कामाला येईल असा कारागीर डिस्क विकत घ्यायला सांगण्याआधी दोन साले विचारेल: इन्स्टॉलर कोणत्या सालचा आणि बोर्ड कोणत्या सालचा. बोर्ड नवा आणि इन्स्टॉलर जुना निघाला, तर आधी ड्रायव्हर शोधायचा. दोन्ही एकाच काळचे निघाले, तर केबल आणि डिस्क यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही, ग्रँट रोडची खेप लागत नाही, आणि गिऱ्हाइकाची माहिती पुसली जाण्याआधी ते विचारता येतात.