हेवी मेटलसाठी गिटारचा पिकअप बदलताय? आधी हे वाचा

सिंगल कॉइल पिकअप विजेची घरघरही पकडतो आणि डिस्टॉर्शनमध्ये ती आणखी वाढते. म्हणून हेवी संगीतात दोन कॉइलचा हंबकर वापरतात. त्यात ही घरघर बरीचशी रद्द होते.

पॅसिव्ह हंबकरला बॅटरी लागत नाही. त्याला सहसा ५०० किलोओहमचे पॉट जोडतात. मेटॅलिकाचे कर्क हॅमेट वापरत आलेल्या ‘ईएमजी ८१’सारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात. त्यामुळे पॅसिव्ह काढून अ‍ॅक्टिव्ह बसवताना पॉटही बदलावे लागतात.

रिफसाठी आधी ब्रिजजवळचा पिकअप बदला. खरेदीपूर्वी खाचेचं माप, तारांची संख्या आणि बॅटरीपुरती जागा तपासा.

त्याआधी नव्या तारा लावून, स्क्रूने पिकअपची उंची कमी-जास्त करून पाहा. कदाचित तेवढ्यानेच काम होईल आणि पैसे वाचतील!