ज्ञातिनिधी ठेवावा कोठे?

ज्ञातिसंस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे अध्यक्षांची नामावली आणि बक्षीससमारंभाची वर्णने, अशी समजूत आहे. संस्थेचा पैसा आजवर कोणाच्या हाती राहिला, ही हकीकत स्मरणिकेत सहसा येत नाही. ती येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कुरुंदवाडच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही लहानपणी ऐकत असू की, वर्गणी जमली म्हणजे ती भरवशाच्या पेढीवर नाही तर लोखंडी पेटीत ठेवीत. पेटीस कुलपे दोन, किल्ल्या दोघा निरनिराळ्या पंचांपाशी. हा अडाणीपणा होता असे कोणी समजू नये. आज बँक दोन सह्या मागते ती याच हेतूने. परंतु पेटीत पैसा वाढत नाही, आणि पंचगंगा-कृष्णेच्या संगमाकाठी राहणाऱ्यांस पाण्याचे भय सांगावयास नको. २००५ व २०१९ च्या महापुरांत घरोघरच्या कागदपत्रांची काय अवस्था झाली, ती वाचकांनी पाहिलीच आहे.

इंग्रजी मुलखात पोस्टाची बचत बँक १८८२ साली निघाली; सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा. जवळच्या सांगलीस १९१६ साली सांगली बँक स्थापन झाली (ती २००७ साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली), तर कोल्हापुरास १९४३ साली रत्नाकर बँक. त्याआधीच, १९०१ पासून, शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थिवसतिगृहे उभी राहू लागली होती. देणग्या वाढल्या, तसा हिशेबाचा भारही वाढला.

पटवर्धनांचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आम्हांसही लागू झाला. त्याच्या ३५ व्या कलमाने विश्वस्तांचे स्वातंत्र्य बरेच आवळले. लगेच खर्ची न पडणारा पैसा अनुसूचित बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, सरकारमान्य सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांतच ठेवावयाचा. हे जाचक वाटे; पण १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा बँक हा शब्दही पुरेसा नाही हे सर्वांस कळले. १९६२ पासून ठेवींस विमा मिळू लागला, तो दीड हजार रुपयांपर्यंत. पुढे सहकारी बँकांनाही तो लागू झाला, आणि २०२० पासून मर्यादा व्याजासह पाच लाखांची आहे. पतसंस्थेच्या ठेवीस मात्र हा विमा नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही फार उशिरा शिकलो. आम्ही मंडळाचे चिटणीस असताना शिष्यवृत्तीचा निधी एका पतसंस्थेत ठेवण्याचा ठराव झाला. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के अधिक, संचालक ओळखीचे. ठरावाखाली सही आमची आहे. एका भगिनीने दिवंगत पतीच्या नावे दिलेली रक्कमही त्यातच होती. पतसंस्थेचे व्यवहार थांबले त्या जूनमध्ये मुलांची फी भरण्यासाठी आम्हांस पुन्हा घरोघर फिरावे लागले. प्रथम आम्ही त्या भगिनींकडे गेलो. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही, फक्त विचारले, "गुरुजी, आमच्या ह्यांच्या नावाचं बक्षीस औंदा निघणार न्हाई का?" निघाले, पण वर्गणीतून. ठेव हप्त्याहप्त्याने परत येण्यास सहा वर्षे लागली.

आता खाते मंडळाच्याच नावे बँकेत आहे. खजिनदाराच्या स्वतःच्या नावे ते कधी नसावे. माणूस गेला की वारस व मंडळ दोघेही अडचणीत येतात. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतात, आणि कार्यकारिणी बदलली की ठराव व सह्यांचे नमुने त्याच महिन्यात बँकेत जातात. वार्षिक सभेत पासबुक टेबलावर ठेवलेले असते. गेल्या खेपेस ते उघडून पाहणारे केवळ चौघे निघाले.